उपास हाय, उपाशी न्हाई

आमचे हे उपासाला कधी उपाशी राहिलेले मला आठवत नाहीत. संकष्टी, एकादशी, श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र आणि मध्येच एखादा गुरुवार, का तर 'दत्ताला वाईट वाटायला नको.' प्रत्येक उपासाला स्वतः पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी करणार, वर साजूक तूप, बाजूला दह्याची वाटी. दुपारी रताळ्याचा कीस, आणि संध्याकाळी 'उपास झेपावा म्हणून' शेंगदाण्याचा लाडू. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण ज्या कुणी केली, त्यानं आमच्या सिद्धाराम बिराजदारांना बघूनच केली असणार.

याच माणसाच्या खिचडीपायी माझी किडनी अडली होती.

माझ्या दोन्ही किडन्यांनी संप पुकारला तेव्हा मी घरी गणिताच्या शिकवण्या घेत होते आणि यांचं रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान होतं. सुरुवातीला मी जायचे ते थोरल्या दवाखान्यात. आमच्या सोलापुरात बंद पडलेल्या एका गिरणीच्या जागेवर सरकारनं दवाखाना बांधला, त्याला सगळे थोरला दवाखानाच म्हणतात. त्याच्या दारात एक पोलादी पेटी आहे. तिला कर्ण्यासारखं तोंड आहे, त्यावर कागदी नळी लावायची आणि फुंकायचं. सरकारी नाव काहीतरी लांबलचक आहे, पण ती वासावरून रोग ओळखते म्हणून लोकांनी तिला वासूअक्का करून टाकलं.

हे शास्त्र फारसं अवघड नाही. आपल्या एका उच्छ्वासात शेकडो निरनिराळे वायू असतात. शरीरात जे काही जळतं, साठतं, बिघडतं, त्याचा थोडाथोडा वास रक्तातून फुप्फुसात येतो आणि तिथून बाहेर पडतो. साखर बिघडली की एक वास, यकृत बिघडलं की दुसरा, किडनी थकली की अमोनियाचा. माणसाच्या नाकाला तो कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो, यंत्राच्या नाकाला आधीच कळतो. क्षयाचे रुग्ण दारातच वेगळे काढता यावेत म्हणून ही पेटी बसवली होती. पण रोज हजारो माणसं फुंकून जायला लागल्यावर ती बाकीचंही शिकत गेली. तिला आवाज दिला होता तो सोलापूरचाच, कारण आधीचा पुस्तकी आवाज कुणाला समजत नव्हता.

मी फुंकलं की अक्का सगळ्यांदेखत सांगायची, "मावशी, किडनी. उजवीकडं जावा."

झालं! अख्ख्या रांगेला माझी किडनी कळायची. मागून कुणीतरी चुकचुकायचं, पुढचा बाजूला सरून वाट द्यायचा. मला दोघांचाही राग यायचा. आत डायलिसिसच्या हॉलमध्ये पलंगाला पलंग लागलेला. शेजारच्या पलंगावर नफिसाआपा, तिलाही माझाच आजार. तिच्या सुनेचं बाळंतपण, माझ्या लेकीची, शर्वरीची नोकरी, पलीकडच्या आजोबांची भावकी, सगळं यंत्राच्या घरघरीत एकमेकींना ओरडून सांगायचं. मला कापरं भरलं तर सिस्टरच्या आधी आपा पांघरूण टाकायची. मात्र तिथल्या संडासाची कडी! दर वेळी नवी बसवायची आणि दर वेळी ती निखळायची. आत गेलेल्या बाईनं आतून गाणं म्हणत राहायचं, असा आम्ही आपसात कायदाच केला होता.

मग शर्वरीला पुण्यात चांगली नोकरी लागली. तिच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील बसत होते. मी 'नवदेह'मध्ये जायला लागले.

खोटं का बोला, काय सुख होतं ते! हायवेवरची काचेची इमारत, प्रत्येकाला पडदा, ऊबदार खुर्ची, 'सारिकाजी' म्हणून हाक. संडासाची कडी तर अशी की लावल्यावर काढावीशी वाटू नये. तिथलं नाक बासरीएवढं बारीक, आणि जे सांगायचं ते फक्त माझ्या कानात सांगायचं. माझी किडनी आता माझ्यापुरती राहिली. फक्त चार तास पडद्याआड पडून राहिलं की कधीकधी वाटायचं, शर्वरीचा फोन आला का, असं कुणीतरी ओरडून विचारावं.

त्यातच डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून माझ्या हातात तयार केलेली शीर दमायला लागली. अशी शीर दमली की दुसरीकडे करतात, पण माझ्या शिरा मुळातच बारीक. नवदेहच्या डॉ. मेहतांनी सरळ सांगितलं, की या वर्षात किडनी बसवलेली बरी, पुढं अवघड होईल.

"माझी घ्या की," हे म्हणाले. जणू पलीकडच्याला पाना द्यायचा होता.

रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. राहिली फक्त श्वासाची तपासणी. नवदेहच्या ॲपवर गोड आवाजात निरोप आला, "उद्या सकाळी आपली श्वासचाचणी आहे. कृपया बारा तासांचा उपवास करून यावे."

"रक्त काढायचं असतं तर उपाशीपोटी या म्हटलं असतं," हे विचार करून म्हणाले. "हे श्वासाचं हाय. तोंडाला कांदा-लसणाचा वास नको, म्हणून उपवास सांगायलेत. शिकलेली माणसं असून देवाधर्माचं बघतात बघ."

मला ते इतकं पटलं, की शेंगदाणे मीच भाजून दिले.

सकाळी पोटभर खिचडी खाऊन, चूळ भरून, कपाळाला विभूती लावून हे नवदेहमध्ये हजर. "बारा तासांचा उपवास केलात ना, काका?" असं तिथल्या मुलीनं विचारलं. "कडक केलाय," हे म्हणाले, आणि ते खरंच होतं. खिचडीत साधं मीठसुद्धा नव्हतं, शेंदेलोण होतं.

डॉ. मेहता तरुण, मऊ बोलणारे. त्यांनी आम्हाला बसवून समजावलं. "काका आज ठणठणीत आहेत. पण हे नाक आजचं नाही, पुढच्या दहा वर्षांचं बघतं. काही खाल्लं नाही की शरीर साखर बाजूला ठेवून चरबी जाळायला घेतं. चुलीत लाकूड जळतंय की गोवरी, हे जसं धुरावरून कळतं, तसं ते श्वासावरून कळतं. काकांचं शरीर बारा तासांच्या उपवासानंतरही चरबीला हात लावत नाही. अशा माणसाला पुढं मधुमेह होण्याचा मोठा धोका असतो. मग मागं उरलेली त्यांची एकच किडनीही धोक्यात येईल. मी त्यांची किडनी घेऊ शकत नाही."

त्यांचं बोलणं बरोबर होतं. डॉक्टरनं देणाऱ्याचाही विचार करायला नको का? एखादे वेळी नाक चुकलं असेल म्हणून त्यांनी आणखी दोनदा बोलावलं. दुसऱ्या वेळी यांनी जास्त काळजी घेतली आणि खिचडीबरोबर राजगिऱ्याच्या वड्याही खाल्ल्या. तिसऱ्या वेळी तर आदल्या दिवसापासूनच उपास धरला. निकाल दर वेळी आधीपेक्षा वाईट येत गेला. तीन वेळा तेच निघाल्यावर नवदेहच्या नियमाप्रमाणे नोंद पक्की झाली: दाता अपात्र.

त्या दिवशी घरी जेवायला बसल्यावर हे म्हणाले, "एवढं मोठं शरीर घेऊन फिरायलोय, आणि त्यातलं काहीच तुला उपयोगी पडंना." मला रडू आवरेना. मग त्यांनी त्यांच्या परीनं उपाय काढला. चहातली साखर सोडली, आणि माझ्यासाठी दर सोमवारी, दर गुरुवारी उपास धरला.

शर्वरी फोनवर म्हणाली, "आई, पुण्याच्या यादीत नाव घालू." घातलं. यादी एवढी लांब होती, की माझा नंबर लागेपर्यंत हातातल्या शिरेनं हात टेकले असते. ती शीर पूर्वी थोरल्या दवाखान्यात डॉ. येमूलबाईंनी केली होती. तिची डागडुजी होते का, हे त्यांनाच विचारावं म्हणून एका गुरुवारी आम्ही दोघं तिकडे गेलो.

दारात तीच रांग, तीच अक्का. मी फुंकलं.

"मावशी, किडनी. लई दिवसांनी आलात. उजवीकडं जावा."

मग यांनी फुंकलं.

"काका, उपास हाय, उपाशी न्हाई. साखर बघायची असली तर उद्या उपाशी या. साबुदाणा न्हाई, शेंगा न्हाई, रताळं न्हाई. जावा आत."

रांग खो खो हसली. हेही हसले. "बघ की, खिचडी ओळखली हिनं!" मला मात्र हसू येईना. मी यांचा दंड घट्ट धरला.

"अहो, नवदेहला जाताना काय खाल्लं होतं?"

"खाल्लं म्हणजे? उपास होता."

"म्हणजे खिचडी."

"मग काय उपासाला भाकरी-आमटी खाऊ?"

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा. तूच शेंगा भाजून दिलीस की." एवढं बोलल्यावर त्यांचाही चेहरा बदलला. एक बेरीज चुकली की खालची सगळी उत्तरं चुकतात, असं मी पोरांना जन्मभर सांगत आले होते, आणि स्वतः मात्र घरात बसून शेंगदाणे भाजत होते.

डॉ. येमूलबाईंना सांगितलं तर त्यांनी कपाळावर हात मारला. मग हसून म्हणाल्या, "आम्हीसुद्धा यातूनच शहाणे झालो. अक्का नवी होती तेव्हाची गोष्ट. महाशिवरात्रीला आम्ही साखरतपासणीचं शिबिर ठेवलं, 'उपवास करून या' म्हणून पाट्या लावल्या. अक्कानं निम्म्या शहराची साखर बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला वाटलं साथ आली! मग दोन दिवसांनी लक्षात आलं. तेव्हापासून तिला उपास शिकवला. जिरं, शेंगदाणा, तूप यांचा वास आहे आणि कांदा-लसणाचा पत्ता नाही, असा श्वास आपल्याकडे फक्त उपासाच्या माणसाचा असतो."

"मग नवदेहच्या नाकाला हे का कळलं नाही? ते तर केवढं भारी आहे."

"भारी आहे म्हणूनच. त्याला फुप्फुसाच्या तळाचा श्वास हवा असतो, म्हणून ते तोंडातले अन्नाचे वास आधी गाळून टाकतं. तुमची खिचडी त्या गाळणीतच राहिली." मग बाई जरा गंभीर झाल्या. "पण सारिकाताई, आमचं नाक जाडं आहे. काकांना पुढं मधुमेह होणार की नाही, हे अक्का सांगू शकत नाही. ते त्यांच्याच नाकाला विचारायला हवं. मी अक्काचं उपासाचं शिक्षण त्यांच्याकडे पाठवते."

हॉलमध्ये नफिसाआपाला कळलं तेव्हा ती पलंगावर हसून हसून बेजार झाली. "आमच्या रोज्यात पाण्याचा थेंब चालत नाही, आणि तुमच्या उपासाला दोन ताटं लागतात! दाजी, तुम्ही किडनी द्यायला गेलता की वनभोजनाला?" मग माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अल्ला करो, आता तरी लागो."

दुसऱ्या दिवशी डॉ. मेहतांपुढे बसून मी सगळं सांगितलं. ते यांच्याकडे वळले.

"काका, खिचडी?"

"दह्यासंगं," हे खालमानेनं म्हणाले.

"अहो, आम्ही जैन. आमच्या घरात उपवास म्हणजे फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. माझी आई आठ-आठ दिवस करते. ॲपवर आधी 'उपाशीपोटी या' होतं. मीच ते बदलून 'उपवास' केलं, जरा आदराचं वाटलं म्हणून. तुम्ही कडक उपवास म्हणालात आणि माझ्या डोळ्यांपुढं माझी आई आली." बोलता बोलता त्यांना हसू फुटलं, आणि मग डोळे पुसावे लागले. त्या माणसाविषयी मनात होता नव्हता तो सगळा राग त्या क्षणी गेला.

नवदेहचं नाक गाळलेले वास फेकून देत नाही, जपून ठेवतं. अक्काकडून आलेलं शिक्षण त्याला दिल्यावर त्यानं तिन्ही जुने नमुने पुन्हा तपासले आणि स्वतःचाच निकाल मागं घेतला. तिन्ही वेळा दाता जेवलेला होता. नोंद पुसली गेली. पण नोंद पुसली म्हणजे किडनी मिळाली असं नव्हतं. खरोखर उपाशी राहिल्यावर यांचं शरीर काय करतं, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. आधीचा निकाल चुकून का होईना, खरा निघाला तर?

त्या संध्याकाळी दिवेलागणीला जेवून यांनी ताट सरकवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस खरा उपाशी राहिला. शेजारी कुणीतरी मिरच्या तळत होतं. हे उठून खिडकी लावून आले. थोड्या वेळानं माझ्यासमोर बसले आणि माझ्या छोट्या बाटलीकडे बघत राहिले. डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. ती बाटली म्हणजे माझं दिवसभराचं पाणी होतं, आणि मी ते घोटाघोटानं पुरवत असे.

"तुला रोजच असं होतं?" त्यांनी विचारलं. "म्हणजे, समोर दिसतंय आणि घेता येईना?"

"भुकेचं नाही. तहानेचं होतं."

"मला सांगितलं न्हाईस कधी."

"तुम्ही तेव्हा खिचडी खात होता," मी म्हणाले. मला थट्टा करायची होती, पण आवाज भलतीकडेच गेला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सकाळी नवदेहमध्ये त्यांनी फुंकलं. डॉ. मेहता यंत्राच्या पडद्याकडे बघत होते, मी डॉ. मेहतांकडे. त्यांनी मान वर केली तेव्हा ते हसत होते.

"चरबी जळतेय, काका. भडाभडा जळतेय. तुमच्याएवढं निरोगी शरीर या वयात मी फार कमी बघितलंय."

"मग आता खाऊ का काहीतरी?" हे म्हणाले, आणि मी तिथंच, त्या चकचकीत दवाखान्यात, हुंदके देऊन रडले.

ऑपरेशन कुठं करायचं, हा प्रश्न मला लोक अजून विचारतात. मी नवदेहमध्येच केलं. नवी किडनी शरीरानं हाकलून देऊ नये म्हणून शरीराची लढायची ताकद औषधांनी दाबून ठेवतात. तेव्हा स्वतंत्र खोली लागते, स्वच्छ संडास लागतो. येमूलबाईंनीही तेच सांगितलं, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मला मात्र वाईट वाटलं, की तशी खोली मला विम्यामुळं मिळाली आणि आपासाठी थोरल्या दवाखान्यात तशी खोलीच नव्हती. पण एक चांगलं झालं. डॉ. मेहता आता दर शनिवारी आपलं बारीक नाक घेऊन थोरल्या दवाखान्यात येतात आणि तिथल्या दात्यांची तपासणी करतात. आपाच्या मुलीची झाली, ती देऊ शकते. आता फक्त थोरल्या दवाखान्यात तशी स्वतंत्र खोली व्हायची आहे, आणि ती बांधून होत आलीय. तिच्या संडासाची कडी आमच्या यांनी दुकानातून करून नेली. ती निखळणार नाही अशी त्यांनी पैज लावली आहे. नवदेहच्या ॲपवरचा निरोपही बदलला. तो गोड आवाज आता म्हणतो, "कृपया उपाशीपोटी यावे. साबुदाणासुद्धा नको."

ऑपरेशनला सहा महिने झाल्यावर मला बाहेर पडायची परवानगी मिळाली. योगायोगानं त्या दिवशी एकादशी होती. यांनी उपास सोडलेत की नाही, हे विचारू नका. सकाळी खिचडी झाली, आणि कितीतरी काळानंतर मीही पोटभर खाल्ली, शेंगदाण्यांसकट. वर तांब्याभर पाणी प्याले. हे समोर बसून माझ्या घशाकडे बघत होते, एखाद्या लहान बाळाला पाजताना बघावं तसं.

मग आपाला पेढे द्यायला आम्ही थोरल्या दवाखान्यात गेलो. तोंडावरची पट्टी काढून मी कागदी नळी लावली. डॉक्टरांनी, नवदेहच्या नाकानं, सगळ्यांनी मला बरी झाले म्हणून सांगितलं होतं. पण या पेटीनं वर्षानुवर्षं भरल्या रांगेत मला एकच शब्द ऐकवला होता. मी फुंकलं.

"मावशी, उपास हाय," अक्का म्हणाली. "जावा आत."

मी जागची हलले नाही. नवी नळी घेतली आणि पुन्हा फुंकलं, पोटापासून.

"उपास हाय, मावशी. एकदा सांगितलं की. सरका पुढं, मागं लई माणसं उभारल्यात."

मागची माणसं हसली. मी वळून यांच्याकडे पाहिलं, तर हे पेढ्यांचा पुडा छातीशी धरून भर रांगेत रडत होते.